लहान लॅपटॉप आणि विजेचे दुखणे : दुरुस्तीच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

दहा ते बारा इंची पडद्याचा, हलका, स्वस्तातला लॅपटॉप वर्ष-दोन वर्षांनी विजेच्या तक्रारी सांगू लागतो. कधी चार्जिंगच होत नाही. कधी चार्जरची पिन काढताक्षणी पडदा काळा होतो. कधी बटण दाबून दिवाही लागत नाही, आणि कधी दुरुस्त होऊन आठवडाभर नीट चालतो व पुन्हा तसाच मान टाकतो. दुकानाच्या काउंटरवर या सगळ्यांची नोंद ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ अशीच होते. असा लॅपटॉप दुरुस्त करावा का, कोणी करावा, कुठवर खर्च करावा आणि कोणत्या टप्प्यावर सोडून द्यावा, या प्रश्नांवर कारागीर, कंपन्या, ग्राहक आणि धोरण आखणारे यांच्यात बरीच वर्षे वाद चालू आहे. त्याची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न विदर्भातल्या शेगावसारख्या ठिकाणाहून पाहिला तर जास्त स्पष्ट दिसतो. गजानन महाराजांच्या समाधीमुळे येथे बारमाही वर्दळ असते. लॉज, दुकाने, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रे यांचा कारभार संगणकावर चालतो. १९८३ साली सुरू झालेल्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे बाहेरगावचे विद्यार्थी येथे राहून शिकतात. गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे, त्यामुळे सुटे भाग मागवणे अवघड नाही. मात्र बहुतेक ब्रँडांची अधिकृत सेवा केंद्रे अकोला, अमरावती, नागपूर अशा मोठ्या शहरांत आहेत. म्हणजे महानगराची सोय हाताशी नाही आणि खेड्याची अडचणही नाही. महाराष्ट्रातले पुष्कळ लॅपटॉप अशाच तालुक्याच्या गावांत वापरले जातात आणि तिथेच बिघडतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवायला हवी. ‘दुरुस्त करा’ आणि ‘बदलून टाका’ या भूमिका एकमेकींच्या विरोधात उभ्या दिसतात, पण पुष्कळदा त्या वेगवेगळ्या बिघाडांबद्दल बोलत असतात. वीज कोणत्या टप्प्यावर अडते हे ठरल्याशिवाय दोन्ही बाजूंचे म्हणणे तोलून पाहता येत नाही.

पार्श्वभूमी : खैरातपासून ईएमएमसीपर्यंत

स्वस्त, लहान लॅपटॉपची कल्पना जगभर रुजली ती २००५ ते २००८ या काळात. निकोलस नेग्रोपाँटी यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाने मुलांसाठी ‘एक्सओ’ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप तयार केला. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ साली महाराष्ट्रातच झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावातल्या छोट्या एकशिक्षकी शाळेत ही यंत्रे मुलांच्या हाती आली. प्रकल्पाच्या शैक्षणिक यशापयशावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहे ते यंत्राचे विजेचे नियोजन. सुमारे ११ ते १८ व्होल्ट इतक्या सैल मर्यादेतला पुरवठा ते स्वीकारत असे. बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची होती, म्हणजे उष्णतेला तुलनेने खंबीर, आणि ती हाताने काढता येई. हरवले तर असावेत म्हणून जादा स्क्रू यंत्राच्या मुठीतच ठेवलेले होते. जिथे वीज बेभरवशाची आणि कारागीर दूर, तिथे काय लागेल याचा विचार आराखड्यातच केलेला होता.

त्याच वर्षी आसुसचा सात इंची ‘ई-पीसी’ बाजारात आला आणि २००८ मध्ये इंटेलच्या ‘ॲटम’ प्रोसेसरमुळे ‘नेटबुक’ हा वर्ग तयार झाला. या यंत्रांची बॅटरी खटका सरकवून निघत असे, रॅम आणि हार्ड डिस्क बदलता येत असे. चार्जर बिघडला आहे की बॅटरी, हे एकेक करून तपासणे ग्राहकालाही जमत होते.

पुढच्या दशकात यंत्रे पातळ झाली तसे हे चित्र पालटले. बॅटरी आत गेली आणि पाउचसारख्या चपट्या सेलची झाली. रॅम बोर्डावर डाखली गेली. स्वस्त लहान लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी ईएमएमसी नावाची साठवण-चिप आली, तीही बोर्डावरच. पंखा गेला. २०२३ साली १६,४९९ रुपयांना बाजारात आलेले ११.६ इंची जिओबुक हे याच वर्गातले भारतीय ग्राहकाच्या ओळखीचे उदाहरण. या बदलांमुळे वजन आणि किंमत दोन्ही उतरली, पण दुरुस्तीचे गणितही बदलले. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे रॅम आणि साठवणही बदलायची. साठवलेला मजकूरही बोर्डाबरोबर जातो, आणि नव्या बोर्डाची किंमत नव्या यंत्राच्या जवळ जाते.

दरम्यान बॅटरीच्या सुरक्षिततेबद्दलही धडे मिळाले होते. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या सेलमध्ये आगीचा धोका आढळल्यामुळे डेलने ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. ग्राहकाने बॅटरीला हात लावावा की नाही, या वादामागे ही आठवण आहे.

वीज कुठे अडते

शेतात वाफा कोरडा राहिला की शेतकरी विहिरीपासून पाटाच्या कडेने चालत येतो आणि पाणी कुठे फुटले ते पाहतो. लॅपटॉप तपासण्याची रीतही तीच आहे. वाटेत साधारण पाच टप्पे लागतात.

पहिला टप्पा अडॅप्टरचा. तो २३० व्होल्टच्या घरगुती विजेतून १२, १९ किंवा २० व्होल्टची एकदिश वीज करतो. अडॅप्टरचा दिवा लागला आणि मल्टिमीटरवर व्होल्ट बरोबर दिसले तरी तो चांगला आहे असे सिद्ध होत नाही. भार पडताच व्होल्ट खाली बसणारे अडॅप्टर पुष्कळ असतात. लहान लॅपटॉपमध्ये आणखी एक सापळा आहे. काहींना १२ व्होल्ट लागतात, काहींना १९, आणि बारीक गोल पिन मात्र सारखीच दिसते. पिन बसली म्हणून चार्जर जुळला असे नाही. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये ओळख पटवणारी मधली तार असते. ती तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करायचे नाकारतो.

दुसरा टप्पा जॅकचा, कारागिरांच्या भाषेत चार्जिंग पिनचा. गादीवर, मांडीवर यंत्र ठेवून काम करताना येथे सतत ताण पडतो. जॅक सैल होतो, त्याचा डाख तडकतो. तार एका विशिष्ट कोनात धरली की चार्जिंग सुरू होणे ही याची खूण. टाइप-सी पोर्टमध्ये वीज देण्याआधी चार्जर आणि लॅपटॉप यांच्यात बोलणी होतात. सुरुवात ५ व्होल्टपासून होते आणि सहमती झाली तरच दाब २० व्होल्टपर्यंत चढतो. पोर्टमधली एखादी बारीक संपर्कपट्टी खराब झाली तरी ही बोलणी फिसकटतात.

तिसरा टप्पा बोर्डाच्या दारावरचा : आत येणारी वीज उघड-बंद करणारे मॉसफेट आणि बॅटरीत किती करंट सोडायचा हे ठरवणारी चार्जिंग आयसी. येथे साखरेच्या कणाएवढे सिरॅमिक कपॅसिटर असतात. त्यांतला एक जरी शॉर्ट झाला तरी संपूर्ण वाट जमिनीला मिळते आणि यंत्र ‘डेड’ होते.

चौथा टप्पा बॅटरीचा. लिथियम-आयन सेलचा नेहमीचा दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ व्होल्ट असतो. सेल जुने झाले की साठवण घटते आणि अचानक भार आला की दाब कोसळतो. म्हणून पडद्यावर चाळीस टक्के दिसत असतानाही यंत्र बंद पडते. बॅटरीतला नियंत्रक धोका ओळखून स्वतःला कायमचे कुलूपही लावू शकतो.

पाचवा टप्पा बोर्डाच्या अंतरंगाचा. लॅपटॉप बंद असतानाही ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटा जाग्या असतात. ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाची चिप बटणाकडे लक्ष ठेवते आणि ठरलेल्या क्रमाने पुढचे पुरवठे सुरू करते. क्रमातला एक चुकला तर सगळे थांबते. बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीचा, मजकूर बिघडला तरी लक्षण तेच दिसते, विजेचे सर्व भाग शाबूत असताना.

वारंवार परतणाऱ्या बिघाडाचे कोडे येथेच उलगडते. जळालेला मॉसफेट बदलला, पण त्याला जाळणारा पुढचा शॉर्ट तसाच राहिला, तर नवा मॉसफेटही जातो. जो भाग जळालेला दिसतो तोच दोषी असतो असे नाही, यावर सर्व जाणकारांचे एकमत आहे.

विदर्भाच्या हवेचा आणि लाइटीचा हिस्सा

बाहेरची परिस्थिती बिघाडाला किती जबाबदार, याबद्दल गावोगाव ठाम मते असतात. त्यांतली काही तपासून पाहण्याजोगी आहेत.

‘व्होल्टेज कमी-जास्त होते म्हणून लॅपटॉप गेला’ हे पहिले. कमी दाबाचा दोष येथे बहुधा नसतो. लॅपटॉपचे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले असतात. खरा धोका उलट बाजूने आहे. डीपीवर किंवा इमारतीच्या जोडणीत न्यूट्रल तुटला, तर घरातल्या सॉकेटवर दोन फेजमधल्या ४०० व्होल्टच्या जवळ जाणारा दाब येऊ शकतो. अडॅप्टरच्या पुढच्या भागातला कपॅसिटर साधारण ४०० व्होल्ट एकदिश दाबाचा असतो. २३० व्होल्टचे एकदिशीकरण केल्यावर तिथे सुमारे ३२५ व्होल्ट येतात, तर ४०० व्होल्टचे ५६५. तो फुटणारच. वळवाच्या पावसातल्या विजा आणि लाइट गेल्यावर परत येतानाचा झटका हेही असेच वरचे धोके आहेत. पूर्वीच्या भारनियमनाच्या काळात त्यांची वारंवारता जास्त होती.

दुसरे मत अर्थिंगबद्दलचे. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरवर सामान्य आहे. अडॅप्टरमधल्या गाळणी-कपॅसिटरमधून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह हे तिचे नेहमीचे कारण. तो बिघाड असेलच असे नाही, पण अर्थिंग तपासण्याची ती सूचना नक्कीच असते.

तिसरा घटक उष्णता, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करण्याची शिफारस असते. बंद खोलीत, गोधडीवर ठेवलेल्या बिनपंख्याच्या लॅपटॉपची बॅटरी ही मर्यादा दुपारीच ओलांडते आणि नियंत्रक चार्जिंग थांबवतो. संध्याकाळी यंत्र पुन्हा चार्ज होऊ लागते. दुकानात हा ‘येणारा-जाणारा’ बिघाड म्हणून पोचतो. प्रत्यक्षात ते संरक्षण असते. सतत उष्णतेचा दूरगामी परिणाम मात्र खरा आहे. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरच्या तक्त्यानुसार पूर्ण भरून ठेवलेला सेल २५ अंशांत वर्षाअखेर सुमारे ८० टक्के साठवण राखतो, तर ४० अंशांत सुमारे ६५ टक्के. अर्धवट भरलेला सेल दोन्ही ठिकाणी बराच अधिक टिकतो.

पहिली भूमिका : बोर्ड बदला

कंपन्यांची आणि अधिकृत केंद्रांची भूमिका अशी की दुरुस्तीचे एकक बोर्ड हे असावे, बोर्डावरचा भाग नव्हे. तिच्यामागे तीन कारणे दिली जातात. एक, कारखान्यात तपासलेला बोर्ड लावला की परिणाम ठरलेला असतो, त्यावर हमी देता येते. दोन, देशभरातल्या केंद्रांत एकसारखे काम करून घ्यायचे तर सूक्ष्म डाखकामाचे कौशल्य प्रत्येक ठिकाणी अपेक्षिता येत नाही. तीन, लिथियम बॅटरीजवळ अर्धवट ज्ञानाने केलेले काम धोक्याचे असते.

हमीच्या काळात ही पद्धत ग्राहकाच्या सोयीची आहे, हे तिचे टीकाकारही मान्य करतात. अडचण हमी संपल्यावर सुरू होते. सिरॅमिक कपॅसिटरसारख्या किरकोळ भागासाठी संपूर्ण बोर्डाचे अंदाजपत्रक हाती येते आणि लहान लॅपटॉपमध्ये ते जवळजवळ नव्या यंत्राइतके असते. साठवण बोर्डावरच असल्याने विद्यार्थ्याचा प्रकल्प किंवा दुकानदाराचा हिशेबही जातो. शिवाय बोर्ड काही वर्षांनी मिळेनासे होतात.

दुसरी भूमिका : चिप लेव्हल

स्वतंत्र कारागिरांची भूमिका याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचा नेहरू प्लेस हे तिचे जुने अड्डे. आता ‘चिप लेव्हल’ शिकवणारे वर्ग जिल्ह्याच्या गावांतही दिसतात. जगभर या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात पूर्वी न्यूयॉर्कमध्ये दुकान असलेले कारागीर लुई रॉसमन यांच्या चित्रफितींचा मोठा वाटा आहे.

या पद्धतीत लॅपटॉप बाकावरच्या डीसी सप्लायला जोडतात आणि तो किती करंट ओढतो ते पाहतात. शून्य दिसले तर वाट दारातच तुटलेली. बटण दाबण्याआधीच खूप करंट गेला तर शॉर्ट. थोडा करंट जाऊन थबकला तर पुरवठ्यांच्या क्रमात अडथळा. शॉर्ट शोधायला त्या वाटेवर एक-दोन व्होल्ट सोडतात आणि कोणता भाग तापतो ते थर्मल कॅमेऱ्याने किंवा बोर्डावर लावलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल कुठे आधी उडते यावरून ओळखतात. मग हॉट एअरने तो भाग उतरवून नवा बसवतात. बोर्ड तोच राहतो, मजकूर वाचतो, खर्च कमी होतो.

या भूमिकेवरचे आक्षेपही गंभीर आहेत. कारागिराचे कौशल्य दुकानागणिक बदलते. सर्किट आराखडे कंपन्या प्रसिद्ध करत नाहीत. जे फिरतात ते बहुधा फुटून बाहेर आलेले असतात. स्वस्त लहान लॅपटॉपचे बोर्ड अनेकदा अनोळखी उत्पादकांचे असल्याने तेही मिळत नाहीत, आणि ‘डोनर’ बोर्ड, म्हणजे भाग काढून घेण्यासाठीचा तसाच दुसरा बोर्ड, हाच आधार उरतो. जास्त उष्णता देऊन डाख तात्पुरता जोडण्याचे प्रकारही चालतात. यंत्र सुरू होते आणि काही आठवड्यांनी परत येते. कारागीर यावर म्हणतात की आराखडे आणि भाग उघडपणे मिळाले तर यातला बराच दोष दूर होईल.

तिसरी भूमिका : बाहेरचे बदला, पुढे हिशेब करा

ग्राहकांच्या आणि अनेक शिक्षकांच्या व्यवहारी विचारात तिसरी वाट दिसते. आधी बिनखर्चाचे उपाय : भिंतीतला दुसरा सॉकेट, त्याच दाबाचा दुसरा खात्रीचा चार्जर, सर्व जोडण्या काढून बटण अर्धा मिनिट दाबून ठेवणे, बायोस अद्ययावत करणे. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट’ या आदेशाने निघणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. त्यावरून बॅटरीचा दोष पुष्कळदा घरीच कळतो. त्यानंतर अडॅप्टर, बॅटरी, जॅक एवढेच बदलावे. बोर्डात शिरायची वेळ आली तर नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या यंत्राच्या किमतीशी तुलना करावी.

या मार्गाला विरोध फारसा नाही, पण मर्यादा आहेत. किमतीची तुलना करताना मजकुराचे मोल आणि परीक्षेच्या दिवसांत यंत्र नसण्याचा तोटा धरला जात नाही. दुसरी मर्यादा पर्यावरणाची. विजेचा वापर अगदी कमी असलेल्या लहान लॅपटॉपच्या बाबतीत पर्यावरणावरचा भार मुख्यतः तो बनवतानाच पडून गेलेला असतो, म्हणून वापराची वर्षे वाढवणे हाच तो वाटून घेण्याचा मार्ग ठरतो. ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे.

चौथी भूमिका : रचना आणि कायदा बदला

चौथा गट म्हणतो की दुकानातला वाद उशिरा सुरू होतो. यंत्राचा आराखडा ठरतो तेव्हाच तो सुटायला हवा. या विचाराने युरोपात बराच पल्ला गाठला आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला काढता येईल अशी हवी. लॅपटॉपसाठी टाइप-सी चार्जिंगची सक्ती एप्रिल २०२६ पासूनची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, ओरेगन अशा राज्यांनी सुटे भाग आणि माहिती खुली करण्याचे कायदे केले.

भारतात सुरुवात मोटारींपासून झाली असे म्हणता येईल. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या १४ मोटारकंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाबाबतच्या समितीने अहवाल दिला. त्यात अग्रक्रम स्मार्टफोन आणि टॅब्लेटला आहे. बॅटरी, चार्जिंग पोर्ट, मुख्य बोर्ड हे महत्त्वाच्या भागांच्या यादीत आहेत. लॅपटॉप मात्र त्या पहिल्या टप्प्यात नाही.

उद्योगाचा आक्षेप असा की काढता येणारी बॅटरी आणि जागा व्यापणारे जोड यांनी यंत्र जाड व महाग होते, आणि सर्वांत स्वस्त वर्गातला ग्राहक किंमतच आधी पाहतो. एक्सओची घोषित आकांक्षा शंभर डॉलरची होती आणि प्रत्यक्ष किंमत दोनशेच्या जवळ गेली, हे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात : एक बाजू टिकाऊ आराखडा शक्य आहे म्हणून, दुसरी तो स्वस्तात बसत नाही म्हणून.

जे अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न निदानाच्या किमतीचा. खरे काम बिघाड शोधण्याचे असते. भाग बदलायला मिनिटे लागतात. पण ग्राहक भागाचे पैसे द्यायला तयार असतो, तपासणीचे नाही. त्यामुळे कारागिरालाही मूळ कारण शोधण्यापेक्षा जळालेला भाग बदलून मोकळे होणे परवडते, आणि वारंवार परतणारा बिघाड पुष्कळदा याच व्यवहारातून जन्मतो. तपासणीची वेगळी फी आणि तिचा लेखी निष्कर्ष ही पद्धत सुचवली जाते. ती छोट्या गावात रुजेल का, हे उघड आहे असे नाही.

दुसरा, बॅटरीच्या दर्जाचा. भारतात लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणि अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तरीही चिन्ह खरे आहे की नुसते छापलेले, हे ग्राहकाला दुकानात उभ्याने ओळखणे कठीण. जुन्या आवरणात नवे सेल भरण्याची युक्ती जुन्या नेटबुकांसाठी कधीकधी एकमेव उपाय असते, आणि आगीचा धोकाही तिथेच असतो. फुगलेल्या बॅटरीचा प्रश्न निराळा आहे. सदोष लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला मनाई आहे, त्यामुळे यंत्र जसेच्या तसे कुरिअरने दूरच्या सेवा केंद्राकडे पाठवणेही सरळ राहत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. तालुक्याच्या गावातल्या दुकानापासून उत्पादकापर्यंतची वाट प्रत्यक्षात कशी चालेल, यावर चर्चा चालू आहे.

तिसरा प्रश्न टाइप-सीचा. एकच चार्जर सर्वांना चालावा हे तिचे वचन. समर्थक म्हणतात, चार्जर चुकण्याचा धोका कमी होतो. कारागीर म्हणतात, गोल पिनचा जॅक बदलणे सोपे होते, टाइप-सीचे चोवीस संपर्क आणि त्यामागची नियंत्रक चिप बदलणे कठीण. दोन्ही खरे आहे. जॅक वेगळ्या छोट्या पट्टीवर बसवला तर वाद बराच मिटतो, पण स्वस्त यंत्रांत तो बोर्डावरच असतो.

चौथा, सॉफ्टवेअरच्या आयुष्याचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुने ॲटम-सेलेरॉन लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. विजेचा भाग नीट करून दिलेल्या यंत्राचा उपयोग किती वर्षे, हा हिशेब त्यामुळे बदलतो. हलक्या लिनक्सचा पर्याय आहे; शाळा-महाविद्यालयांची आणि सरकारी पोर्टलची कामे त्यावर कितपत चालतात, यावर त्याचे मोल ठरते.

पाचवा प्रश्न पुराव्याचा. चिप लेव्हल दुरुस्ती सरासरी किती टिकते, बोर्ड बदलल्यावर तोच बिघाड किती वेळा परततो, यांची तुलना करता येईल अशी खुली नोंद मिळत नाही. सेवा केंद्रांची माहिती कंपन्यांकडे राहते, दुकानांची वहीत. शेगावसारख्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालयाची इलेक्ट्रॉनिक्स शाखा आणि बाजारातले कारागीर एकाच गावात आहेत. एका वर्षाच्या दुरुस्त्यांची टप्प्यानुसार नोंद ठेवणे हा विद्यार्थी-प्रकल्पाच्या आवाक्यातला विषय आहे, आणि त्यातून मिळणारी माहिती धोरणाच्या वादालाही उपयोगी पडेल.

आजची स्थिती

चारही भूमिकांत मान्य असलेले काही मुद्दे आता ठरल्यासारखे आहेत. बाहेरून आत या क्रमानेच तपासणी व्हावी. हमी असेपर्यंत अधिकृत केंद्र सोडू नये. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा चार्ज करू नये. ती लगेच वापरातून काढावी. बोर्डाला हात लावण्याआधी मजकूर वाचवण्याचा विचार व्हावा. त्यापुढे मतभेद उरतो तो मुख्यतः तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्यावरच्या बिघाडांचा, आणि तिथेही तो कौशल्याच्या असण्या-नसण्याइतकाच माहितीच्या उपलब्धतेचा आहे. एकाच तऱ्हेचा शॉर्ट आराखडा असलेल्या बोर्डावर तासाभराचे काम ठरतो आणि आराखडा नसलेल्या बोर्डावर यंत्राचा शेवट ठरू शकतो.

म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत लक्ष ठेवण्याजोग्या गोष्टी दोन आहेत : भारतीय निर्देशांकाच्या यादीत लॅपटॉप कधी येतो, आणि आला तर गुण देताना सुट्या भागांबरोबर सर्किट आराखडाही मोजला जातो का. फक्त भाग मोजले गेले तर बॅटरी, चार्जर आणि जॅक यांच्या तक्रारी सुटतील आणि तिसरी भूमिका बळकट होईल. आराखडाही मोजला गेला तर बोर्ड बदलायचा की बोर्डावरचा भाग, या जुन्या वादाचा निकाल ब्रँडच्या धोरणाऐवजी प्रत्येक यंत्राच्या तपासणीवरून लागू शकेल.